मातृदुग्धपेढी

स्तनदा मातांनी स्वेच्छेने दिलेले जादा दूध तपासून, निर्जंतुक करून गरजू नवजात बाळांना पुरवणारी रुग्णालयीन व्यवस्था. जगातील पहिली पेढी व्हिएन्नात १९०९ मध्ये सुरू झाली. आशियातील पहिली पेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये उभी राहिली. एका सार्वजनिक रुग्णालयाने हे करून दाखवले, ही गोष्ट मोलाची आहे.

अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांची आतडी कोवळी असतात. वरच्या दुधापेक्षा मानवी दुधावर त्यांना आतड्याचा ऊतिनाशक दाह हा जीवघेणा आजार होण्याचा धोका कमी असतो. दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांसाठी चाचणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून झटकन थंड करतात, जंतुपरीक्षण करून उणे २० अंशांवर गोठवतात. या प्रक्रियेत दुधातील जिवंत पेशी मरतात, काही संरक्षक घटकही घटतात. म्हणून पहिला हक्क आईच्याच दुधाचा, विशेषतः प्रसूतीनंतरच्या पिवळसर चिकाचा.

त्यामुळे चांगली पेढी केवळ दूध साठवत नाही. बाळ अतिदक्षता विभागात असताना आईला वेळोवेळी दूध काढायला शिकवणे, बाळाला तिच्या उघड्या छातीशी ठेवणे, ‘दूध पुरत नाही’ या तिच्या धास्तीला धीराने उत्तर देणे, हे पेढीचे खरे काम. भारत सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा पेढ्यांना ‘सर्वसमावेशक स्तनपान व्यवस्थापन केंद्र’ म्हटले असून दुधाच्या विक्रीला त्यांत थारा नाही.