मतांचा हिशेब : बाबासाहेबांचा आणि कंपन्यांचा



दिंद्रुडचा (ता. माजलगाव, जि. बीड) आमच्या ओळखीचा एक पदवीधर तरुण मागे निवडणूक सर्वेक्षणाच्या कामाला लागला. कंपनीने त्याच्या हाती मतदार यादी दिली आणि आडनावावरून प्रत्येक नावापुढे जात भरायला सांगितले. बौद्ध वस्तीतली नावे आली की शेरा ठरलेला : यांच्यावर वेळ घालवू नये. या कामाला आता 'डेटा अ‍ॅनालिस्ट' म्हणतात. पगार वेळेवर मिळतो. आम्ही त्या पोराला दोष देत नाही. घर चालवायचे असते. पण राजकीय आकडेमोड पक्षांच्या वॉर रूममध्ये जन्मली, चळवळीचा तिच्याशी संबंध नाही, हा समज मात्र आम्हाला मान्य नाही.

1932 साली लोथियन समितीपुढे प्रश्न होता : अस्पृश्य किती? बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. 1931 च्या जनगणनेत संयुक्त प्रांतात, म्हणजे साधारण आजच्या उत्तर प्रदेशात, अस्पृश्य 1 कोटी 26 लाख होते. त्याच प्रांताच्या मताधिकार समितीने आकडा सांगितला 6 लाख! बंगालमध्ये 1 कोटी 3 लाखांचे 70 हजार झाले. एवढी माणसे गेली कुठे? कुठेही नाही. प्रतिनिधित्व डोकी मोजून मिळणार हे कळताच डोकी कमी दाखवली गेली. विटाळ पाळताना कोण अस्पृश्य हे प्रत्येकाला पाठ होते. वाटा द्यायची वेळ आली तेव्हा कोणालाच आठवेना. बाबासाहेबांनी हे आकडे पुढे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडले.

पुणे करारानंतर त्यांची आकडेमोड आणखी धारदार झाली. करारात राखीव जागेसाठी दोन टप्पे होते. आधी प्राथमिक निवडणूक, तीत फक्त अस्पृश्य मतदार चार उमेदवारांचे पॅनेल निवडणार. मग त्या चौघांतून एकाला सर्व हिंदू मतदार मिळून निवडणार. 1937 ला 151 राखीव जागांपैकी 78 काँग्रेसने जिंकल्या आणि अस्पृश्य आमच्याच मागे आहेत असा दावा केला. 1945 च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी तो दावा मतांच्या तक्त्यांनी तपासला. जागा कोणी जिंकली एवढ्यावर ते थांबले नाहीत. ती कोणाच्या मतांनी जिंकली, हे त्यांनी विचारले. आमच्या मते हाच विश्लेषकाचा खरा प्रश्न.

(त्या निवडणुकीत दिंद्रुडला मतदान नव्हते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.)

1952 च्या उत्तर मुंबईचे आकडे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहेत. काजरोळकरांना 1,38,137 आणि बाबासाहेबांना 1,23,576 मते. तिसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही : बाद मते 74,333. मतदारसंघ दोन जागांचा होता आणि दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. पराभवाचा फरक साडेचौदा हजारांचा, बाद मते त्याच्या पाचपट. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला तो याच आकड्यावर बोट ठेवून.

आता आजचे पाहा. प्राथमिक निवडणूक पुणे करारातच दहा वर्षांपुरती होती. पुढे ती उरली नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्याला आपली मते किती पडली, हे सांगणारा एकही सरकारी कागद आज नाही. फॉर्म 20 मध्ये बूथनिहाय मते मिळतात. आम्ही काही बूथचे आकडे घेऊन बसलोही. पण एका बूथवर तीन-चार वस्त्या असल्या की कोणाचे मत कुठे गेले ते वेगळे काढता येत नाही. त्याचा अंदाज बांधणारी माहिती आहे ती कंपन्यांकडे : आपल्याच पोरांनी दारोदार फिरून भरलेली, आणि पैसे मोजणाऱ्या उमेदवाराला विकलेली. म्हणजे 1937 ला जो पुरावा बाबासाहेबांना सरकारी आकड्यांत सापडत होता, तो आज खासगी माल झाला आहे.

परवा त्या तरुणाला आम्ही विचारले, तू भरलेली यादी तुझ्याकडे आहे का? तो म्हणाला, ''नाही दादा. काम संपलं त्या दिवशीच ॲप बंद केलं त्यांनी.''