साठे, अण्णाभाऊ (शाहीर)

(१ ऑगस्ट १९२० – १८ जुलै १९६९). शाहीर, लोकनाट्यकार व कादंबरीकार. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली) येथे, मातंग कुटुंबात. शाळेचा संबंध नावापुरताच आला. कुटुंब पायी मुंबईला आले. तेथे पडेल ते काम, गिरणीतली नोकरी आणि कामगार चळवळ यांतच त्यांचे खरे शिक्षण झाले. मधल्या काळात गावी परतल्यावर बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते रमले. ढोलकी-तुणतुण्याची जाण तिथली.

‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ने त्यांचे नाव झाले. परक्या मुलखातली लढाई त्यांनी शिवकालापासून चालत आलेल्या पोवाड्याच्या चालीत बसवली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. अण्णाभाऊंनी तमाशातली गवळण गाळली आणि गणात गणपतीऐवजी मायभूमीला व शिवाजी महाराजांना वंदन घातले. सरकारने पथकाच्या तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच ऐवज लोकनाट्य म्हणून फडावर आला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यांतली गाजलेली.

गाण्यातून गोष्ट सांगण्याची त्यांची हातोटी सर्वांत चोख दिसते ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी बायकोचे रूप आठवतो, निरोपाची घडी सांगतो. बराच वेळ ही निव्वळ विरहाची लावणी वाटते. मग मुंबईची श्रीमंती आणि तिथली उपासमार येते, मोर्चे येतात, आणि अगदी शेवटी कळते की मैनेची ताटातूट म्हणजेच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेल्या महाराष्ट्राची गत. आधी घोषणा आणि मागून गाणे, अशी उलटी वाट धरणाऱ्या प्रचारगीतांच्या गर्दीत ही रचना म्हणूनच वेगळी उठून दिसते. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती गावोगाव नेली. ‘मुंबईची लावणी’त मात्र कथानक नाही, मलबार हिल आणि परळ समोरासमोर ठेवले की त्यांचे काम होते. शृंगाराची म्हणून ओळखली जाणारी लावणी इथे शहराचा हिशेब मांडते.

पुढे गद्यलेखन वाढले. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीला राज्य पुरस्कार मिळाला. कादंबरीकाराच्या या कीर्तीमुळे समीक्षकांचे शाहिरीकडे काहीसे दुर्लक्षच झाले.