धवलधारच्या पायथ्याशी

धरमशालेचे क्रिकेट मैदान भारतातील अत्यंत रमणीय मैदानांत गणले जाते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 1,450 मीटर उंचीवर असून त्याच्यामागे धवलधारची भिंत एकाएकी उभी राहते. मधल्या लहान रांगांचा अडथळा नसल्याने पाहणाऱ्याची दृष्टी थेट चार हजार मीटरांहून उंच शिखरांवर जाते. ज्या कारणाने हे सौंदर्य घडले, तेच या गावाच्या सर्वांत मोठ्या दुःखाचेही कारण होय.

कांगडा 1846 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. 1849 मध्ये येथे छावणीसाठी जागा निवडण्यात आली आणि 1855 मध्ये जिल्ह्याचे ठाणे कांगड्याहून येथे हलले. मागोमाग कचेऱ्या, बंगले व बाजार उभे राहिले. परंतु ज्या डोंगराच्या आश्रयाने ही वस्ती वाढली, तो डोंगर स्थिर नव्हता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाखाली शिरत आहे. त्याच रेट्याने हिमालय उंचावतो आणि त्याच रेट्याने मधूनमधून धरणी कंप पावते.

4 एप्रिल 1905 रोजी सकाळी सहाच्या सुमारास, बहुतेक लोक घरातच असताना, भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि जड पाषाणपाट्यांची छपरे माणसांवर आली. सुमारे वीस हजार लोक मृत्यू पावले. कांगड्याचे वज्रेश्वरीचे मंदिर कोसळले, किल्ला भग्न झाला. भूगर्भ खात्याचे अधिकारी मिडलमिस यांनी या उत्पाताचा विस्तृत अहवाल सिद्ध केला. तो 1910 मध्ये प्रसिद्ध झाला. बदलीच्या नोकरीत गावे सुटतात. असा एखादा कागद मात्र मागे राहतो आणि पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडतो.

मार्च 2017 मध्ये या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. कोहली जायबंदी असल्याने अजिंक्य रहाणे यांनी प्रथमच कसोटीत भारताचे नेतृत्व केले आणि ऑस्ट्रेलियाचा आठ गडी राखून पराभव झाला. मैदानाची आसनसंख्या वीस हजारांच्या घरात आहे. 1905 मध्ये जितकी माणसे गेली, जवळजवळ तितकीच येथे एका वेळी बसू शकतात. हा प्रदेश आजही भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडतो. तेव्हा येथे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक भिंतीचा हिशेब त्या सकाळच्या साक्षीनेच मांडावयास हवा. डोंगर मोहक आहे, म्हणून तो निद्रिस्त आहे असे नव्हे.