एक पत्ता, अनेक बिऱ्हाडे

पांढुर्णा आणि सौंसर येथील जुन्या घरांची एक गंमत आहे. घर जागचे हलले नाही, त्याचा पत्ता मात्र बदलत राहिला. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग नागपूर राजधानी असलेला मध्यप्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून भोपाळ राजधानीचा मध्यप्रदेश. आणि 2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पत्ता ही घराला चिकटलेली वस्तू नसून कोणीतरी नेमून दिलेली वस्तू आहे, हे या मराठी मुलखाला वेगळे सांगावयास नको.

टपालाच्या पत्त्यात एक शब्द आपल्याला फार उपयोगी पडत आला आहे. तो म्हणजे ‘मार्फत’. परगावाहून आलेला कारकून, बिऱ्हाड करून राहिलेला मास्तर, शिकावयास आलेला भाचा, यांना स्वतःचा असा पत्ता नसे. पत्र घरमालकाच्या नावाने येई आणि घरमालक ते योग्य हाती देई. आज एका घरातील दोन-तीन संगणक आणि तितकेच मोबाईल एकाच इंटरनेट जोडणीवर चालतात, ते याच ‘मार्फत’च्या जोरावर. ही युक्ती निघाली ती मात्र सोयीसाठी नव्हे, टंचाईमुळे.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास क्रमांकाचा एक पत्ता असावा लागतो. 1981 साली ठरलेल्या नियमांनुसार असे पत्ते सुमारे 429 कोटी होऊ शकत होते. त्या वेळच्या जगाच्या लोकसंख्येहूनही ही संख्या थोडी कमीच. परंतु संगणक ही तेव्हा विद्यापीठांतील व लष्करातील वस्तू होती, म्हणून वाटप सढळ हाताने झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेस एकटीला 1 कोटी 67 लाखांवर पत्ते मिळाले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पंगत अर्धी उठल्यावर आपण पानावर बसलो, असेच म्हणावयास हवे.

टंचाई येणार हे जाणत्यांनी तत्पूर्वीच ओळखले होते. मे 1994 मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी पत्ते बदलून देण्याची योजना लिहून प्रसिद्ध केली व हा अल्पकाळाचा उपाय आहे असे स्वतःच नमूद केले. फेब्रुवारी 1996 मध्ये काही क्रमांक केवळ घरातल्या घरात वापरावयाचे म्हणून राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला. 192.168 ने आरंभ होणारे क्रमांक त्यांतलेच. सौंसरच्या घरात आणि लंडनच्या घरात तोच क्रमांक असला तरी तंटा होत नाही. माजघर प्रत्येक घरात असते, पण माजघराच्या नावाने कोणी टपाल पाठवीत नाही.

दाराशी बसलेला राउटर हा एखाद्या पेढीवरील मुनीमजीसारखा असतो. आतून एखादा संगणक काही मागणी बाहेर धाडू लागला की मुनीमजी त्यावरचा आतला पत्ता खोडून पेढीचा पत्ता घालतो, सोबत एक जावक क्रमांक टाकतो आणि वहीत नोंद करतो. या जावक क्रमांकांची मर्यादा 65,535. उत्तर त्याच क्रमांकाने परत आले की वही पाहून ते ज्याचे त्याला पोचते. काही वेळ हालचाल दिसली नाही तर मुनीमजी ती नोंद पुसून टाकतो. एवढेच ते रहस्य.

घरोघरी ही सोय येण्यास मात्र वेळ लागला. 1999 साली विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची जोडणी दुसऱ्यास वाटून देण्याची सोय आली. पण टेलिफोनशी जोडलेला वडील संगणक बंद केला की धाकट्यांचे इंटरनेटही बंद. पुढे जानेवारी 2005 मध्ये सरकारने बिनतारी वाय-फायच्या मुख्य लहरींना परवान्याच्या जाचातून मोकळे केले, आणि भिंतीला भोक न पाडता जोडणी साऱ्या घरात खेळू लागली.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. मुनीमजी आपण मागितलेल्याचे उत्तर तेवढे आत घेतो; आपण होऊन आलेले पत्र कोणाचे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो ते परतवितो. चोरापासून यामुळे थोडे रक्षण होते, हे खरे. पण पांढुर्ण्याच्या एखाद्या बागाईतदाराने संत्र्यांच्या मळ्यात कॅमेरा बसविला आणि नागपुराहून तो पाहू म्हटले, तर हाक दारातच अडते. मग तिसऱ्याच कोणा कंपनीच्या यंत्रामार्फत पाहणे आले. मूळच्या इंटरनेटमध्ये प्रत्येक यंत्र हाक मारू शकत होते आणि हाकेला ओही देऊ शकत होते. या योजनेने घरातला मनुष्य केवळ मागणारा ठरला, आणि माझ्या मते हे नुकसान लहान नाही.

3 फेब्रुवारी 2011 रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील पत्ते संपले. त्याच वर्षी 15 एप्रिलला आशिया-प्रशांत विभाग शेवटच्या साठ्यावर आला, आणि त्यातून एका सभासद संस्थेस 1,024 हून अधिक पत्ते द्यावयाचे नाहीत असे ठरले. इतक्या पत्त्यांवर लाखो ग्राहक कसे सांभाळावे? कंपन्यांनी स्वतःच्या दाराशीही मुनीमजी बसविला. त्यासाठी 2012 च्या एप्रिलात निराळे क्रमांकही राखून दिले गेले. ही मार्फतीचीही मार्फत झाली. एकाच पत्त्याआड शेकडो अनोळखी ग्राहक नांदू लागले, आणि एकाच्या आगळिकीबद्दल एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता अडविला तर सारेच बाहेर. तपास करणाऱ्या पोलिसांना पत्त्याबरोबर जावक क्रमांक आणि नेमकी वेळही हाती असावी लागते.

खरा उपाय डिसेंबर 1998 मध्येच लिहून तयार होता. त्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची संख्या लिहावयाची तर 39 अंक लागतात. जुन्यातून नव्यात जाण्याचा खर्च कोणी आधी करावा, या संकोचात वर्षे गेली. आपल्याकडे 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर नव्या पत्त्यांचा प्रसार झपाट्याने झाला आणि या बाबतीत भारत जगातील आघाडीच्या देशांत जाऊन बसला. उशिरा आलेल्यास जुने पत्ते मिळेनात, म्हणूनच त्याने नवे आधी पत्करले. तथापि अनेक संकेतस्थळे अद्याप जुन्याच पत्त्यावर राहतात. त्यामुळे घरातल्या त्या पेटीत दोन्ही व्यवहार शेजारी शेजारी चालू असतात, आणि मुनीमजीची वही अजून मिटलेली नाही.