फुकटच्या खोलीला हक्क कसला?

धाराशिवच्या मार्केट यार्डात आडत असलेले माझे एक स्नेही गेल्या हंगामानंतर गोव्याला जाऊन आले. जाण्याआधी कॅसिनोच्या एजंटाने त्यांना मोबाइलवर लिहून पाठवले होते : ‘दोन रात्रींची खोली आमच्याकडून.’ पहाटे कॅसिनोच्या बोटीवरून उतरून ते हॉटेलच्या काउंटरवर गेले, तर तिथे उत्तर मिळाले की तुमचा खेळ पुरेसा झाला नाही. मग दोन रात्रींचे बिल पुढे आले. इकडे चहाच्या टपरीवर त्यांनी हे सांगितले तेव्हा सगळे हसले. बसलेल्यांत दोघे वकील होते. त्यांनी चहा संपायच्या आत निकाल देऊन टाकला.

तो निकाल हास्यास्पद नाही, म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. भारतीय करार कायद्याच्या २५व्या कलमानुसार मोबदल्याविना केलेला करार, काही अपवाद सोडता, रद्दबातल असतो. खोली फुकट होती, मग मोबदला कुठला? ३०व्या कलमानुसार पैजेचा करारही रद्दबातल. खोली हे पैजेचेच शेपूट, मग मूळच उपटल्यावर शेपटाला कोण विचारतो? शिवाय महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही करून टाकला. ज्या व्यवहाराकडे आपले राज्य पाठ फिरवते, त्यातल्या रुसव्याफुगव्यांसाठी न्यायसंस्थेने वेळ का दवडावा?

मांडणी नेटकी आहे. पण ती पहिल्याच पायरीवर घसरते, कारण खोली फुकट नव्हती.

दोन शून्यांचे रूलेटचे चाक घ्या. त्यात ३८ खाने. एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर ३५ रुपये मिळतात आणि लावलेला रुपया परत येतो. म्हणजे ३८ खान्यांवर एकेक रुपया ठेवला तर हाती ३६ परततात, दोन रुपये ‘घर’, म्हणजे कॅसिनो, ठेवून घेते. शेकडा सव्वापाचच्या आसपास. आता कुणी प्रत्येक फेरीला ५०० रुपये लावले, तासाला ४० फेऱ्या झाल्या आणि तो सहा तास बसला, तर टेबलावरून १,२०,००० रुपये फिरतात. त्यातून घराची अपेक्षित कमाई ६,३०० रुपयांच्या आसपास. त्या रात्री तो जिंको वा हरो, घराच्या वहीत त्याच्या नावापुढे ६,३००च धरले जातात. या अपेक्षित कमाईचा काही हिस्सा खोली, जेवण, गाडी अशा रूपांत परत करायचा, हा जगभरच्या कॅसिनोंचा शिरस्ता आहे. तिसरा हिस्सा धरला तर २,१०० रुपये. एका रात्रीची खोली निघाली. याला दान म्हणायचे की सूट?

भांडणाचे बीजही याच वहीत आहे. खेळणारा मोजतो ते गमावलेले पैसे. घर मोजते ते सरासरी डाव आणि टेबलावरचे तास. दहा मिनिटांत ८०,००० घालवून उठलेला माणूस स्वतःला मोठे गिऱ्हाईक समजतो, पण वहीत त्याची नोंद दहा मिनिटांचीच. तेव्हा ‘मी एवढा हरलो, म्हणून खोली द्या’ हा आमच्या स्नेह्यांचा युक्तिवादही टिकणारा नाही. त्यांची बाजू उभी राहते ती त्यांच्या हरण्यावर नव्हे, लिहून दिलेल्या शब्दावर. किती खेळ म्हणजे पुरेसा खेळ, हे त्या निरोपात कुठे होते?

कौटिल्य या बाबतीत अधिक सरळ होता. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेतो, फाशांचे भाडे घेतो, पाण्याचे आणि जागेचेही पैसे घेतो. सगळे उघड. आजचे घर पाण्याचे आणि जागेचे पैसे चाकातून काढते आणि वर आदरातिथ्याचा आव आणते.

मोबदला म्हणजे रोकडच, हेही वकीलसाहेबांनी गृहीत धरलेले आहे. करार कायद्याच्या दुसऱ्या कलमातली व्याख्या त्याहून रुंद आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केले, तर तोही मोबदलाच. घराच्या निमंत्रणावरून एक माणूस धाराशिवहून पणजीला गेला आणि रात्रभर टेबलाशी बसला. आणखी काय करायला हवे होते?

आता पैजेचे शेपूट. ३०वे कलम पैज रद्दबातल ठरवते, बेकायदा नव्हे. हा भेद शाब्दिक नाही. १९५९ च्या घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या खटल्यात दोघा भागीदारांनी हापूडच्या व्यापाऱ्यांशी गव्हाचे सट्टे केले होते. तोटा आला. एकाने तो सगळा भरला आणि दुसऱ्याकडे निम्मा मागितला. धंदाच पैजेचा, म्हणून भागीदारी बेकायदा, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मूळ पैज वसूल होत नाही म्हणून तिच्या आनुषंगिक करारांना विटाळ होत नाही.

इथे जाणकार प्रतिपक्षी १८६५ चा मुंबईचा कायदा काढतील, कारण तो आनुषंगिक करारांनाही रद्दबातल ठरवतो. हा त्यांचा सर्वांत धारदार बाण, हे मान्य. पण तो कायदा मुंबई इलाख्याचा. खोली पणजीत आहे आणि त्या साली पणजीत पोर्तुगीज होते. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली १३-अ हे कलम घालून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि पुढे बोटींवर टेबलांना वाट करून दिली. जिथे खेळ परवान्याने चालतो, तिथला खोलीचा वायदा तेवढा अस्पृश्य कसा?

आणि हा सगळा करारशास्त्राचा खल बाजूला ठेवला तरी चालेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या कलम २(४७) मध्ये आहे. भेट देऊ करायची पण द्यायचा इरादा नसायचा, ही तिच्यात बसते. ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहारात पुरती किंवा अंशतः वसूल होते, ती फुकट असल्याचा भास निर्माण करणे, हेही तिच्यात बसते. दुसरे वाक्य पुन्हा वाचा. ते कॅसिनोच्या खोलीसाठी लिहिलेले नाही, पण याहून नेमके वर्णन मला तरी जमले नसते.

‘फुकट सेवा घेणारा ग्राहकच नव्हे’ हा उरलेला आक्षेपही जुना आहे. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांबाबत त्याचे उत्तर दिले. जिथे काही रुग्ण पैसे भरतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथे मोफतवालाही ग्राहकच, कारण त्याचा खर्च भरणाऱ्यांच्या पैशांतून निघतो. कॅसिनोत तर मोफतवाला आणि भरणारा एकच असतो.

राहिला नीतीचा प्रश्न. जुगाऱ्याची कड का घेता, असे मला टपरीवर विचारले गेले. दारूच्या दुकानात बाटलीवर छापील किमतीहून जास्त घेतले, तर ‘पितोस कशाला?’ म्हणून आपण तक्रार फेकून देतो का? शब्द न पाळण्याची मुभा दिल्याने एकही जुगारी घरी परतत नाही. फायदा फक्त घराचा होतो. बोटीवर हरायचे आणि काउंटरवरही हरायचे, ही कुठली नीती?

२०१९ च्या ग्राहक कायद्याच्या ३४व्या कलमानुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे धाराशिवला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. स्नेह्यांकडे एजंटाचा निरोप अजून आहे. बिलाची पावती मात्र त्यांनी रागाच्या भरात काउंटरवरच फाडली होती. तिची प्रत मागवणारे पत्र आम्ही काल पोस्टात टाकले.