स्कोप उघडू का? तंजावर ते हिंगणघाट, एका दुर्बिणीची गोष्ट

मी मेहकरचा. दिवसा कोड लिहितो, रात्री इतिहास वाचतो. आजचा विषय बुलढाण्याच्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून निघाला. त्याने एअर रायफलसाठी वापरलेला जुना स्कोप घेतलाय आणि त्यात एक काळा ठिपका दिसतो. "दादा, उघडून साफ करू का?"

थांब. आधी गोष्ट ऐक.

१६४० च्या आसपास इंग्लंडमध्ये विल्यम गॅसकॉइन नावाचा एक हौशी खगोल अभ्यासक होता. त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने एक धागा विणला. गॅसकॉइनने डोळा लावला, तर समोरची वस्तू आणि धागा दोन्ही एकदम स्पष्ट! कारण पुढच्या भिंगाने पडणारी प्रतिमा जिथे तयार होते, बरोबर तिथेच तो धागा होता. यातून त्याला नेम धरायची खूण सापडली. म्हणजे आज स्कोपमध्ये दिसणारी ती फुली मुळात दुर्बिणीत शिरलेला कचराच, बरं का! पुढे सर्व्हेच्या यंत्रांतही खरोखरचा कोळ्याचा धागा ताणून बसवायचे.

तुझ्या ठिपक्याचं निदानही यातच आहे. पुढच्या भिंगावरची धूळ ठिपका म्हणून दिसतच नाही, फक्त चित्र जरा फिकं पडतं. डोळ्याकडचं भिंग फिरवल्यावर ठिपकाही फिरला, तर घाण त्या भिंगावर आहे. पण ठिपका जागचा हलत नसेल आणि फुलीइतकाच रेखीव दिसत असेल, तर तो आत, फुलीच्या काचेवर बसलाय. आणि तिथे जायचं म्हणजे अख्खा स्कोप खोलायचा.

आता खोलण्याची गोष्ट.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला भारताची मोजणी सुरू केली. त्याचं मुख्य यंत्र म्हणजे थिओडोलाइट. म्हणजे काय, तर कोन मोजायच्या मोठ्या चकतीवर बसवलेली दुर्बीण. स्कोपचा थोरला भाऊच म्हणा. लंडनच्या विल्यम केरीने बनवलेलं हे यंत्र जवळपास अर्धा टन वजनाचं आणि त्याची चकती ३६ इंचांची. भारतात येताना ते फ्रेंचांच्या हाती लागलं होतं, पण त्यांनी ते सभ्यपणे परत पाठवलं.

१८०८ मध्ये तंजावरला हे यंत्र देवळाच्या शिखरावर चढवत होते. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. चकती वाकली. एवढी चकती वाकणं म्हणजे काय? एका अंशाचे ३,६०० भाग केले, तर एक भाग म्हणजे एक सेकंद. एवढासा कोन चुकला, तर ५० किलोमीटरवरची खूण साधारण २४ सेंटिमीटरने सरकते. आणि इथे तर एका त्रिकोणावर दुसरा रचत जायचं होतं, शेकडो त्रिकोण!

दुसरं यंत्र मागवायचं म्हणजे जहाजाने लंडनहून. लॅम्बटनने मग कारागीर घेऊन यंत्र सुटं केलं. आणि त्याची हुशारी इथे आहे: आधी त्याने एका मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ आखलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली चकती हळूहळू त्या रेषेवर आणली. सहा आठवडे लागले. नंतरची कितीतरी वर्षं त्याच यंत्राने मोजणी चालली.

मोजणी करत करत लॅम्बटन आपल्या विदर्भात पोचला आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच वर्षी अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या लोणार सरोवराची नोंद केली. लोणार आपल्याला पाठ आहे. हिंगणघाटचा लॅम्बटन किती जणांना माहीत आहे?

त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट. त्याच्या काळात हे यंत्र पुन्हा नव्याने बांधावं लागलं. ते काम इंग्लंडहून आलेल्या हेन्री बॅरोकडे होतं. आणि त्याच्यासोबत होता अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन. मद्रासमध्ये एका जवाहिऱ्याच्या दुकानात काम केलेला माणूस. बॅरो गेल्यावर सर्व्हेची यंत्रं याच मोहसिनच्या हाती आली. १८६५ मध्ये सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. यंत्र जिवंत ठेवणाऱ्या मोहसिनचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकात आपण कुणीच वाचलं नाही.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खोलणं कुणालाही जमतं. मूळ माप जवळ असेल तरच ते परत जुळवता येतं. बऱ्याच स्कोपच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद केलेली असते, म्हणून आत दव धरत नाही. घरी उघडलास की तो गेला. मग आपल्या पावसाळ्यात आत ओल आणि बुरशी ठरलेलीच. शिवाय भिंगं तसूभर तिरकी बसली, तरी नेम बिघडतो.

म्हणून स्कोप रायफलवरून काढ. आधी हवेच्या रबरी पंपाने धूळ उडव, मग मऊ ब्रश फिरव. शेवटी लेन्स साफ करायच्या कागदावर लिक्विडचा एक थेंब घे आणि मधून कडेकडे हलक्या हाताने पूस. शर्टाच्या टोकाने अजिबात नाही! धुळीच्या कणांनी वरचा लेप खरवडतो.

आतला ठिपका नेमाच्या आड येत नसेल, तर राहू दे. येत असेल, तर जाणत्या कारागिराकडे दे. आणि तो काम करत असेल तेव्हा त्याचं नाव विचारून घे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.