असामान्य पात्राची प्रतीती : 'मुक्तामाला' ते 'कोसला'

कादंबरीतील पात्र चारचौघांसारखे असेल तर वाचक त्याच्या खरेपणाचा पुरावा मागत नाही. ते वेगळे निघाले की मागतो. हा पुरावा मराठी कादंबरीने वेळोवेळी कोठून आणला, हे पाहिले असता तिच्या वास्तवकल्पनेत घडलेले स्थित्यंतर ध्यानात येते.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीत आणि तिच्या वळणावर गेलेल्या अद्भुतरम्य कृतींत असामान्यत्व म्हणजे गुणांची किंवा दुर्गुणांची पराकाष्ठा होय. तिला कारण लागत नाही. सुष्टांचा अखेर जय होतो, एवढा नैतिक करार पुरेसा असतो. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (१८७२) लिहून अशा लेखनाला संभवनीयतेची कसोटी लावली. ती कसोटी आवश्यकच होती. तथापि जे प्रत्यक्षात घडू शकते, पण समाज ज्यावर विश्वास ठेवू इच्छित नाही, त्याचे काय, हा प्रश्न तिने सुटत नव्हता.

तो प्रश्न हरिभाऊ आपटे यांच्यापुढे 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत उभा राहिला. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून ती क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मध्यमवर्गीय ब्राह्मण विधवेने स्वतःचे चरित्र लिहावे, ही कल्पनाच विलक्षण होती. हरिभाऊंनी यमूला प्रतिभावान ठरवून हा पेच टाळला नाही. तिचे लिहिणे त्यांनी पतीच्या प्रोत्साहनाशी आणि मुंबईच्या बिऱ्हाडात लाभलेल्या मोकळिकीशी जोडले. तिची भाषाही ग्रंथांतून आलेली नाही, ती माजघरातील आहे. महत्त्वाचे असे की, या वेगळेपणाची किंमत तिला मोजावी लागते. पतीच्या मृत्यूनंतर तिचे सक्तीने केशवपन होते, तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखवणारा वाचक नकळत शंकरमामंजींच्या पंक्तीला जाऊन बसतो. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाल्या. पतीने शिकवलेल्या आणि त्यापायी घरातील स्त्रियांचा रोष सोसलेल्या स्त्रीची साक्ष त्यांत मिळते. कल्पित यमूचा आवाज त्या साक्षीच्या आधीच ऐकू आला होता.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पुराव्याची जागा पुन्हा बदलते. पांडुरंग सांगवीकर आपल्या विक्षिप्तपणाची सामाजिक कारणमीमांसा देत नाही. खाणावळीतील व्यवहार, उधारी, वसतिगृहातील क्षुल्लक प्रसंग यांची तो जवळजवळ हिशेबनिसाच्या चिकाटीने नोंद करतो. तपशिलाबाबतची ही चिकाटी पटली की, त्याचे तुटलेपणही पटते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतरचा त्याचा आकांत अतिरेकी वाटत नाही, कारण तोवर निवेदनाचा स्वर विश्वासाला पात्र ठरलेला असतो.

नैतिक करार, सामाजिक कारण आणि निवेदनाचा स्वर असे हे तीन टप्पे आहेत. नंतरचा टप्पा आला म्हणून आधीचा पूर्णपणे लोपत नाही. मराठी समीक्षेने मात्र बहुधा प्रातिनिधिकतेलाच खरेपणाचे माप मानले. 'अशी माणसे कोठे असतात?' हा आक्षेप त्यातूनच येतो. परंतु यमू प्रातिनिधिक असती तर तिने लिहिलेच नसते. तिच्या काळातील असंख्य स्त्रियांचे न लिहिणे तिच्या लिहिण्यामुळेच दृश्यमान होते. म्हणून असामान्य पात्राची परीक्षा करताना तशी माणसे किती आढळतात, हे विचारणे गौण होय; त्याच्या वेगळेपणाला कृतीतील जगाने कोणता विरोध केला आणि त्याची कोणती किंमत वसूल केली, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.